चालू द्या तुमचं

४ फेब्रुवारी, सोमवार. संध्याकाळी ६.४०

आज बालवाडीत बोलावणं होतं. मुलांच्या खुर्चीवर बसवलं. गुडघे हनुवटीला टेकत होते, तरी रुबाब सोडला नाही. ताई म्हणाल्या, तुमची मुंगी हुशार आहे, रंग ओळखते, वीसपर्यंत मोजते. पण पाच महिने झाले, कोणाशी खेळत नाही. खिडकीपाशी उभी राहते आणि बघते. पंधरा मार्चला ठरणार की पुढच्या गटात कोण जाणार. हे असंच राहिलं तर मुंगीला आणखी एक वर्ष याच गटात ठेवावं असं त्यांना वाटतं. तिच्या बरोबरीची सगळी पुढे जाणार आणि ही साडेतीन वर्षांची नापास.

मी शांत होतो. फक्त पाण्याचा ग्लास सांडला.

ताई पुढे म्हणाल्या, मुलं पायरीपायरीनं येतात. आधी नुसती बघतात. मग शेजारी बसून आपापलं खेळतात. मग सोबत खेळतात. घाई करू नका, तिला वेळ द्या. ऐकायला ठीक आहे. पण मी लिफ्ट-तपासनीस आहे. चौदा वर्षांत एकही लिफ्ट मी 'वेळ द्या' म्हणून सोडलेली नाही.

हा अबोलपणा आला कुठून? खाण तशी माती. बायकोच्या माहेरी सगळे घुमे. (मेहुणा फोनवर तासभर बोलतो, पण ते वेगळं.)

निश्चय: एकोणचाळीस दिवस आहेत. चौतिसाव्या दिवशीच मुंगी गटाची पुढारी झाली पाहिजे. पाच दिवस हाताशी ठेवले आहेत.

५ फेब्रुवारी, मंगळवार

योजना तयार. तीन भाग: अभिवादन, वाटून घेणं, पुढाकार. नवी वही, रेघा आखल्या. बायकोने वही पाहिली आणि विचारलं, यात खेळणं कुठे आहे? म्हटलं, ते आपोआप येईल.

या कामाला माझ्याइतका योग्य माणूस मिळणार नाही. दिवसभर लिफ्टमध्ये असतो. सहा माणसांच्या केबिनमध्ये माणूस जसा कळतो तसा मैदानात कळत नाही. सगळे आकड्यांकडे बघतात, कोणी कोणाशी बोलत नाही, आपापल्या मजल्यावर उतरतात. मला ही शिस्त पहिल्यापासून आवडते.

चारच्या चहाला ऑफिसातले सगळे टेबलाभोवती जमले होते. कोणाच्या तरी बदलीवरून हसणं चाललं होतं. मलाही बोलावलं. दारातूनच हसून 'चालू द्या तुमचं' म्हटलं आणि जागेवर जाऊन बसलो. असं म्हटलं की त्यांनाही बरं वाटतं आणि आपलीही सुटका होते. हे कौशल्य आहे. मुंगीला अशा गोष्टी शिकवायला हव्यात.

७ फेब्रुवारी, गुरुवार. दुपारी

अर्धी रजा टाकली. बालवाडीच्या खिडकीबाहेर मोठ्या कुंडीआड उभं राहून पन्नास मिनिटं निरीक्षण केलं. मुंगी आतल्या बाजूने खिडकीपाशीच होती, म्हणजे आम्हा दोघांत दीड हात अंतर. तिने मला पाहिलं. हात केला नाही. मीही केला नाही.

एक मुलगी आहे, टोपीवाली. मुंगीएवढीच. ऊन असो की सावली, डोक्यावर लोकरीची लाल टोपी. ती आली, मुंगीच्या पायाशी एक लाकडी ठोकळा ठेवला आणि तिच्याकडे न बघता निघून गेली. थोड्या वेळाने दुसरा. मग तिसरा. हे सरळ अतिक्रमण आहे, आणि वर खेळणी जागेवर न ठेवण्याची सवय. मुंगीने हात लावला नाही. पण नंतर ते तिन्ही ठोकळे पायाने सरकवून एका रेषेत लावले. याचा अर्थ लागला नाही.

फाटकाशी टोपीवालीचे बाबा भेटले. मोठा आवाज, मोठं पोट, ओळखपाळख नसताना खांद्यावर हात. विचारत होते, रविवारी बागेत येता का, पोरी खेळतील. 'चालू द्या तुमचं' म्हणून निघालो. घरी आल्यावर लक्षात आलं की त्यांचं तेव्हा काहीच चालू नव्हतं.

९ फेब्रुवारी, शनिवार

भाग पहिला: अभिवादन. जागा: आमच्या इमारतीची लिफ्ट. कारण लिफ्टमधून कोणी पळून जात नाही. मुंगीला सांगितलं, जो आत येईल त्याला नमस्कार करायचा आणि नाव सांगायचं. दहा ते साडेअकरा, एकूण चौदा फेऱ्या. अकरा फेऱ्यांत कोणीच आलं नाही. दोनदा दूधवाला आला, पण त्याचे हात भरलेले असल्यामुळे तो धरला नाही.

चौदाव्या फेरीला तिसऱ्या मजल्यावरच्या आजी आल्या. खाली वाकून मुंगीला विचारलं, काय गं बाळा, नाव काय तुझं? मुंगीने तोंड उघडलं. अगदी उघडलं होतं. तेवढ्यात नाव मी सांगितलं. आजींनी विचारलं, शाळेत जातेस? म्हटलं, जाते. आवडते का? म्हटलं, खूप. आजी उतरल्या. मुंगीने तोंड मिटलं.

यश: संवाद झाला. पंचेचाळीस सेकंद.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

ताईंचा फोन. म्हणाल्या, एक गंमत सांगायची आहे, म्हणजे गंमत म्हणावी की नाही कळत नाही. मुलांनी आज मुंगीला आगगाडीत डबा व्हायला बोलावलं. मुंगी हसली, मान किंचित वाकवली आणि म्हणाली, 'चालू द्या तुमचं.' आणि खिडकीपाशी गेली. अगदी आदरार्थी. तीन-तीन वर्षांच्या पोरांना. ताई म्हणाल्या, हे रोजच म्हणते, आम्हाला आज नीट ऐकू आलं.

चक्रावलो. साडेतीन वर्षांच्या मुलीच्या तोंडी असं पोक्त वाक्य आलं कुठून? टीव्ही आम्ही दाखवत नाही. मेहुण्यावर संशय आहे. संध्याकाळी बायकोला विचारलं, असं कोण म्हणतं गं आपल्यात? ती माझ्याकडे बघत राहिली. तिलाही आठवत नसावं.

१४ फेब्रुवारी, गुरुवार. दुपारी २

भाग दुसरा: वाटून घेणं. मुंगीचा एक कापडी हत्ती आहे. सोंड चावून चावून काळी पडलेली. झोपताना, जेवताना, संडासात, हत्ती बरोबर. विचार केला, द्यायची तर आवडती वस्तूच द्यावी, नाहीतर त्याला वाटणं म्हणत नाहीत. सकाळी फाटकाशी मुंगीच्या हातातून हत्ती घेतला आणि टोपीवालीला दिला. मोठ्याने म्हटलं, बघ, आपण देतो.

मुंगी रडली नाही. मला वाटलं, जमलं. मग ती दोन पावलं पुढे गेली आणि टोपीवालीच्या मनगटाला चावली.

वरचे चार दात, खालचे चार. खूण स्पष्ट आहे. दात सरळ आहेत, एवढं समाधान.

संध्याकाळी ७

माफीचा मसुदा लिहिला. चार मुद्दे. पाचला मुंगीला आणायला गेलो तर टोपीवालीचे बाबा फाटकाशीच उभे. मी पलीकडच्या गाडीमागे थांबलो. ते जाईपर्यंत पंचवीस मिनिटं गेली. मुंगी आत एकटीच बसलेली, चपला घालून. ताई म्हणाल्या, ते तुमचीच वाट बघत होते, अहो. म्हणत होते, दात आहेत तर चावणारच, मुंगीच्या बाबांना सांगा, जिवाला लावून घेऊ नका.

मसुदा खिशात आहे. उद्या नक्की देईन.

१८ फेब्रुवारी, सोमवार

मुंगी शाळेत बोलायची बंद झाली आहे. आता 'चालू द्या तुमचं'ही नाही. शुक्रवारी नाही, आज नाही. हत्ती ताईंकडून आणून परत दिला तर घेतला, पण बगलेत धरत नाही. मागे लपवते. मी खोलीत आलो की मागे लपवते.

मसुदा दिला नाही. टोपीवालीच्या बाबांना कामं असतील.

बायकोशी वाद झाला. वाद म्हणजे ती बोलली. म्हणाली, तू तिला लिफ्टसारखी तपासतोस. आधी रिकामी चालवून बघतोस, मग वजन टाकतोस, मग आणखी टाकतोस, आणि थांबली की म्हणतोस बिघाड आहे. मी तिला समजावलं की वजन टाकल्याशिवाय ब्रेक कळत नाही. ती उठून गेली. उदाहरण तिचंच होतं.

२१ फेब्रुवारी, गुरुवार

पुन्हा लहान खुर्ची. ताई आज हसल्या नाहीत. म्हणाल्या, अजून आठवडा बघू, नाहीतर एकदा तज्ज्ञांना दाखवून घेऊ. घाबरायचं काही नाही, नुसतं दाखवायचं.

घाबरलो नाही. येताना दोन चौक पुढे गेलो, एवढंच. परत वळून आलो.

मुंगी मागे स्कूटरवर माझ्या पाठीला गाल लावून बसली होती. तिला काय सांगावं कळेना. शेवटी म्हटलं, चुकलं माझं, हत्तीचं. वाऱ्यात ऐकू गेलं नसेल. थांबून पुन्हा म्हणायला हवं होतं.

योजना स्थगित. रद्द नव्हे.

२६ फेब्रुवारी, मंगळवार

आज बालवाडीला सुट्टी आणि बायकोची दवाखान्यात दुपारची पाळी, म्हणून मी घरून काम करतोय. मुंगी जमिनीवर कपड्यांचे चिमटे ओळीत लावत होती. मी माझे तपासणी अहवाल घेऊन तिच्या शेजारी जमिनीवर बसलो, कारण पंखा तिथे चांगला लागतो. तासभर मी शिक्के मारत होतो, ती चिमटे लावत होती. मग तिने एक चिमटा माझ्या अहवालाला लावला. मी राहू दिला. दुसरा लावला. मग सांगू लागली, हा चिमटा डबा आहे, हा इंजिन आहे, टोपीवाली इंजिन होते, तिच्या हाताला खूण आहे, ती मी केली, ती बरी झाली का?

मी म्हटलं, विचारू आपण. म्हणाली, तू विचार. म्हटलं, बघू.

कामाच्या धांदलीत असूनही मुलीला बोलतं केलं. योजनेचा परिणाम उशिरा दिसतो, हेच खरं. अहवाल चिमट्यांसकट साहेबांकडे गेला.

१ मार्च, शुक्रवार

ताई म्हणाल्या, आज मुंगी खिडकी सोडून चटईवर बसली. टोपीवालीच्या शेजारी. ती तिचं करत होती, ही हिचं. एकमेकींकडे बघितलं नाही. ताईंच्या डोळ्यांत आनंद मावेना. मला समजलं नाही. बघितलंसुद्धा नाही तर प्रगती कसली? पण मी मान डोलावली. पंधरा तारखेचं विचारलं तर म्हणाल्या, अजून सांगता येत नाही.

चौदा दिवस. पुढाकार हा भाग सुरू करायलाच हवा.

१० मार्च, रविवार. संध्याकाळी ७.३०

क्रमाने लिहितो.

पावणेपाचला मुंगीला घेऊन बागेत गेलो. पुढाकारासाठी मूल मोकळं सोडावं लागतं. तिला घसरगुंडीपाशी सोडलं आणि बाकावर बसलो. पाचला टोपीवाली आणि तिचे बाबा येताना दिसले. त्यांनी मला पाहिलं नव्हतं. मी पाण्याच्या टाकीमागे गेलो. हा माझ्या पद्धतीचाच भाग होता. तिथे उभा राहून फोनवर दोन मिनिटं एक अहवाल बघितला. दोन म्हणजे दहा असतील.

५.१२ ला वर बघितलं. घसरगुंडीवर मुंगी नव्हती. झोपाळ्यावर नव्हती. वाळूत नव्हती. रस्त्याकडचं फाटक सताड उघडं. बाहेर बस चाललेल्या.

बागेत निदान चाळीस माणसं होती. मी कोणालाही विचारलं नाही. दोन चकरा मारल्या, पळत. तोंड उघडत होतो, मिटत होतो. 'माझी मुलगी दिसली का', चार शब्द. नाही आले. शेवटी एका बाईंसमोर उभा राहिलो आणि किती वाजले विचारलं. त्यांनी सांगितलं, सव्वापाच. मी आभार मानले. मला इतकी भीती आयुष्यात वाटलेली नाही. इथे लिहायला हरकत नाही, हे कोणी वाचत नाही.

तेवढ्यात दुसऱ्या फाटकाकडून पहारेकऱ्याची हाक आली: निळ्या शर्टातले, चष्मेवाले, मुंगीचे बाबा. असतील तिथून इकडे या. घाबरू नका.

मुंगी पहारेकऱ्याच्या स्टुलावर बसली होती. शेजारी टोपीवाली, तिच्या हातात कापडी हत्ती. भोवती सात-आठ माणसं, आणखी काही माझ्या शोधात पांगलेली. मागाहून कळलं ते असं. मी दिसेना म्हटल्यावर मुंगी टोपीवालीकडे गेली आणि म्हणाली, माझा बाबा हरवला. टोपीवालीने तिच्या बाबांना सांगितलं. त्यांनी पहारेकऱ्याकडे नेलं. पहारेकऱ्याने विचारलं, बाबा कसा दिसतो? मुंगीने सगळं सांगितलं. शर्ट, चष्मा. आणि म्हणाली, तो कोणाशी बोलत नाही, म्हणून तुम्हीच हाक मारा.

मी हरवलो नव्हतो. हे नोंदवून ठेवतो.

टोपीवालीच्या बाबांनी खांद्यावर हात ठेवला. यावेळी मी तो काढला नाही. चार मुद्द्यांचा मसुदा खिशातच होता, पण वाचायला चष्मा पुसावा लागला असता. त्यांनी माझा नंबर घेतला. म्हणाले, राहू दे, पुढच्या वेळी हरवलात तर उपयोगी पडेल.

येताना मुंगीने माझं बोट घट्ट धरलं होतं. म्हणाली, मी आहे ना.

१५ मार्च, शुक्रवार. दुपारी ३

शेवटचा दिवस. सगळे पालक, सगळी मुलं, एकच खोली. चपला बाहेर. मोज्याला भोक होतं, अंगठ्याशी. दुसऱ्या पायाने झाकून उभा राहिलो.

ताईंनी बाजूला घेऊन सांगितलं, मुंगी पुढच्या गटात जाणार. या आठवड्यात रोज आगगाडीत होती. काल इंजिन झाली. आज एका रडणाऱ्या मुलाला तिने हत्ती दिला, स्वतःहून, आणि काय म्हणाली माहितीये? लगेच देऊ नकोस परत. मी विचारलं, यात योजनेचा वाटा किती असेल? ताई म्हणाल्या, कोणती योजना?

मग ताईंनी पालकांना मुलांबरोबर चटईवर बसायला सांगितलं. मोठा मनोरा करायचा होता. सगळे बसले, बायकोही. टोपीवालीचे बाबा आवाज देऊ लागले, अहो मुंगीचे बाबा, या की इकडे, जागा आहे. चार-पाच जण वळून बघायला लागले. मी खिडकीपाशी होतो. हसलो. मान किंचित वाकवली. म्हणालो, चालू द्या तुमचं.

ताई छताकडे बघू लागल्या. बायकोने तोंडावर हात धरला. मेहुण्यावर महिनाभर उगीच संशय घेतला.

टोपीवालीचे बाबा उठून मला ओढायला निघाले, तर मुंगी मध्ये उभी राहिली. दोन्ही हात पसरून. म्हणाली, त्याला ओढू नका. तो आधी बघणार. मग शेजारी बसणार. मग खेळणार. त्याला वेळ द्या.

कोणी हसलं नाही. ते जास्त वाईट होतं.

मग ती आली, माझ्या पायाशी एक लाकडी ठोकळा ठेवला आणि माझ्याकडे न बघता गेली. थोड्या वेळाने दुसरा. मग तिसरा. मी खिडकीबाहेर बघत होतो. बाहेर कुंडी होती. तिन्ही ठोकळे पायाने सरकवून एका रेषेत लावले. मग चटईच्या कडेला बसलो, टोपीवालीच्या बाबांच्या शेजारी. ते त्यांचा मनोरा करत होते, मी माझा. एकमेकांकडे बघितलं नाही. मनगटाचं मात्र विचारलं. म्हणाले, केव्हाच बरं झालं. माझा मनोरा सात ठोकळ्यांचा झाला. त्यांचा पडला.

१६ मार्च, शनिवार. सकाळी ११.२०

टोपीवालीच्या बाबांचा मेसेज आला: उद्या पाचला बाग? पोरी खेळतील, आपण बसू.

उत्तर लिहिलं, चार ओळींचं. लांबलं. खोडलं. दोन ओळींचं लिहिलं. त्यात 'आपला' की 'तुमचा' अडलं. खोडलं. 'चालू द्या' एवढं लिहून झालं होतं, तेही खोडलं. चाळीस मिनिटं गेली.

मुंगी शेजारी चिमटे लावत होती. तिला विचारलं, काय लिहू? तिने चिमट्यावरून मान न उचलता सांगितलं, हो लिही.

लिहिलं.